ब्रेल पाटी आणि स्टायलस: घेण्याआधी बोटाने तपासा

दृष्टिहीन मुलाला शाळेत घालायची वेळ आली की हल्ली सगळ्यात आधी बोलणारा मोबाइल घेतला जातो. ब्रेल, म्हणजे बोटाने वाचायची उठावाच्या बिंदूंची लिपी, लिहायच्या पाटीची आठवण नंतर होते, आणि मग समोर दिसेल ती उचलून आणतात. चुकीची पाटी हातात पडली की मूल महिनाभरात कंटाळतं आणि घरचे म्हणतात, याला ब्रेल जमत नाही. पुष्कळदा दोष पाटीचा असतो. म्हणून कुठली पाटी घ्यावी, कुठली घेऊ नये आणि नागपूरच्या हवेत ती कशी वापरावी, हे जरा सविस्तर.

बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. मोठ्या पाटीत लाकडाचा किंवा जाड प्लास्टिकचा फळा असतो, वर कागद धरायला चिमटा असतो, दोन्ही कडांना भोकं असतात आणि त्या भोकांत बसणारी धातूची पट्टी ओळ संपली की खाली सरकवायची असते. दुसरी खिशातली पाटी. तिला फळा नसतो, बिजागरीने जोडलेल्या दोन पट्ट्या आणि बहुधा चारच ओळी. दोन्हींचं काम एकच. वरच्या पट्टीत आयताकृती खिडक्या, खालच्या पट्टीत प्रत्येक खिडकीखाली सहा खळगे, मध्ये कागद. स्टायलस, म्हणजे बिंदू उठवायचा मुठीचा टोचा, खिडकीच्या कडेतल्या खाचेत टेकवून दाबला की कागद खळग्यात उतरतो आणि मागच्या बाजूला उंचवटा येतो.

पाटी पारखायची कसोटी एकच आहे आणि ती लुई ब्रेलनेच घालून दिली. 4 जानेवारी 1809 रोजी पॅरिसजवळच्या कूपव्रे गावात जन्मलेला हा मुलगा तिसऱ्या वर्षी वडिलांच्या कारखान्यात डोळ्याला आरी लागून जखमी झाला. वडील घोड्यांचे साज शिवायचे. जखमेतला संसर्ग दुसऱ्या डोळ्यातही पसरला आणि पाचव्या वर्षापर्यंत दृष्टी पूर्ण गेली. 1819 मध्ये तो पॅरिसच्या अंध मुलांच्या संस्थेत दाखल झाला. तिथे नेहमीचीच अक्षरं मोठी करून कागदावर उठवलेली पुस्तकं होती. ती कशीबशी वाचता येत, पण विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने तसं काही लिहिता येत नसे. पुढे शार्ल बार्बिएची बिंदूंची पद्धत संस्थेत आली. ती 12 बिंदूंची, सहा-सहाच्या दोन उभ्या रांगांची. बोटाच्या टोकाखाली एवढं एका वेळी मावत नाही, बोट वरखाली फिरवावं लागतं. शिवाय ती उच्चारावर चालायची, शुद्धलेखन आणि विरामचिन्हं तिच्यात नव्हती. लुईने बिंदू निम्मे केले. 1824 मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, सहा बिंदूंची लिपी त्याने तयार केली आणि 1829 मध्ये ती छापून प्रसिद्ध झाली. एका स्पर्शात एक अक्षर, हा त्या सहा बिंदूंचा हिशोब. तेव्हा पाटीवर उमटलेलं अक्षर बोटाला एका स्पर्शात कळत नसेल, तर ती पाटी कितीही स्वस्त असो, घेऊ नये.

मापं साधारण अशी असतात: एकाच घरातल्या (घर म्हणजे सहा बिंदूंची एक जागा) दोन शेजारच्या बिंदूंमध्ये सुमारे 2.5 मिलिमीटर, एका घरापासून पुढच्या घरापर्यंत 6, ओळीपासून ओळीपर्यंत 10, आणि बिंदूची उंची अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. दुकानात पट्टी लावून हे मोजत बसायची गरज नाही. मराठी ब्रेलमध्ये ‘ढ’ म्हणजे सहाही बिंदू. पाटीच्या चारही कोपऱ्यांत आणि मध्यभागी एकेक ‘ढ’ लिहा, कागद काढून उलटा आणि डोळे मिटून बोट फिरवा. सहाही बिंदू सारख्या उंचीचे, गोल आणि न फाटलेले लागले पाहिजेत. कोपऱ्यातला एखादा बिंदू अर्धवट आला तर वरची खिडकी आणि खालचे खळगे एका रेषेत नाहीत. पट्टी मिटून धरा आणि आडवी हलवून पाहा. बिजागरीत खेळ असेल तर तो वापराने वाढतच जातो. सगळेच बिंदू बुटके आले तर खळगे उथळ आहेत, आणि हा दोष दुरुस्त होत नाही. स्वस्तातल्या प्लास्टिकच्या खिशातल्या पाट्यांत तो वारंवार सापडतो. धातूच्या पट्टीच्या कडांवरूनही बोट फिरवा. कापल्याची कच राहिली असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासून घ्या, नाहीतर ती मुलाच्या बोटाला लागते.

पहिली पाटी म्हणून आमची शिफारस स्पष्ट आहे: मोठा फळा आणि धातूची पट्टी. खिशातली पाटी पत्ता, फोन नंबर किंवा बाजाराची यादी टिपायला उत्तम, पण शिकायला नाही. दर चार ओळींनी कागद सरकवावा लागतो आणि नवख्या हाताकडून तो तिरका बसतो.

स्टायलसकडे पालक सगळ्यात कमी लक्ष देतात. त्याचं टोक सुईसारखं नको, किंचित गोल हवं. अणकुचीदार टोकाने उंचवटा येत नाही, भोक पडतं. मूठ लहान हाताच्या तळव्यात पूर्ण बसली पाहिजे. तर्जनी मुठीवरून खाली येते आणि अंगठा-मधलं बोट दांड्याला धरतात. लिहिताना स्टायलस कागदाला काटकोनात उभा राहिला पाहिजे. पेन्सिलीसारखा तिरका धरला की बिंदू लांबट होतो आणि शेजारच्याला भिडतो. जोर मनगटाचा नको, तळव्याचा हवा. नीट दाबला गेला की ‘टक’ असा आवाज येतो. सगळे टक एकसारखे ऐकू येत असतील तर हात बसला समजा. मूठ लाकडाची घ्या. एप्रिल-मेमध्ये घामाने गुळगुळीत प्लास्टिक हातातून निसटतं.

आता या पाटीची खरी अडचण. उंचवटे कागदाच्या मागे येत असल्यामुळे लिहायचं उजवीकडून डावीकडे, आणि प्रत्येक अक्षरही आरशातल्यासारखं उलट. वाचताना डाव्या रांगेत वरून खाली 1, 2, 3 आणि उजव्या रांगेत 4, 5, 6 असे बिंदू असतात. लिहिताना 1, 2, 3 उजवीकडे येतात. मराठीत हे चुकलं की काय होतं ते शिकवणाऱ्याने पाठ करून ठेवावं, कारण चूक वाचूनच तिचं कारण सापडतं. ‘क’ म्हणजे 1-3, तो उलटला की 4-6, म्हणजे ‘ख’. ‘ब’चा ‘भ’ होतो, ‘ल’चा ‘ळ’, ‘ओ’चा ‘औ’, ‘म’चा ‘श’, ‘इ’चा ‘ए’. मुलाने ‘बल’ लिहिलं आणि कागदावर ‘भळ’ उमटलं, तर त्याला अक्षरं येत नाहीत असं मुळीच नाही. अक्षरं पक्की आहेत, फक्त बाजू उलटली आहे. अशा वेळी वर्णमाला पुन्हा गिरवून घेऊ नका. ‘पहिली रांग, दुसरी रांग’ असं शिकवा. ज्या दिशेने लिहितो त्या दिशेला आधी येणारी रांग पहिली, तिच्यात 1-2-3. डावं-उजवं हे शब्दच काढून टाकले की गोंधळ बराच निवळतो.

मराठी लिहिताना आणखी तीन गोष्टी चुकतात. मात्रेसाठी वेगळं चिन्ह नाही, व्यंजनापुढे पूर्ण स्वर लिहायचा. ‘नागपूर’ म्हणजे न, आ, ग, प, ऊ, र अशी सहा घरं: 1-3-4-5, 3-4-5, 1-2-4-5, 1-2-3-4, 1-2-5-6, 1-2-3-5. याच नियमामुळे ‘नऊ’ लिहिताना मध्ये ‘अ’ घालावा लागतो. न आणि ऊ लागोपाठ लिहिले तर ते ‘नू’ वाचलं जातं. ‘मऊ’ आणि ‘सई’ यांचंही तसंच. तिसरं जोडाक्षर. हलन्ताचा बिंदू 4 हा अर्ध्या व्यंजनाच्या आधी येतो. ‘पुस्तक’ लिहिताना प, उ, मग बिंदू 4, मग स, त, क. डोळस माणसं पाय मोडण्याच्या सवयीने तो ‘स’नंतर देतात आणि शब्द बिघडतो.

भारतीय भाषांसाठी हे एकच कोष्टक 1951 पासून आहे, त्याला भारती ब्रेल म्हणतात. त्याआधी देशात वेगवेगळ्या ब्रेल पद्धती चालत आणि एकीकडे शिकलेल्याला दुसरीकडचं पुस्तक वाचता येत नसे. त्याच सुमारास युनेस्कोने जगभरच्या ब्रेलमध्ये सुसूत्रता आणायचं काम हाती घेतलं होतं. त्याची धुरा वाहणारे क्लुथा मॅकेंझी न्यूझीलंडचे, पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीला दृष्टी गमावलेले. आज नागपूरच्या मुलाने मराठीत शिकलेला ‘क’ हिंदीत, गुजरातीत, तमिळमध्येही तोच लागतो. पाटी एकदा घेतली की भाषा बदलली तरी ती बदलावी लागत नाही.

कागदाबाबत काटकसर करू नका. वहीचा 70-80 जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कागद फाटतो. 120 ते 140 जीएसएम हवा. त्याहून फार जाड घेतला तर लहान हात दोन ओळींत थकतो. नागपुरात बर्डीवर किंवा महालातल्या स्टेशनरीच्या दुकानात ‘ब्रेलचा कागद’ मागितला तर दुकानदार गोंधळेल. जीएसएमचा आकडा सांगा आणि फळ्याच्या मापाने कापून घ्या. सरावाला गेल्या वर्षीच्या कॅलेंडरची जाड पानं चालतात.

आपल्याकडच्या हवेचा त्रास मात्र आहे. पावसाळ्यात कागद मऊ पडतो आणि दोन-तीनदा वाचल्यावर बिंदू बसतात. उन्हाळ्यात कूलरही तेच करतो. त्याची हवा ओलसर असते, म्हणून लिहिलेले कागद आणि कोरी रीम दोन्ही त्याच्या झोतापासून दूर, बंद पेटीत ठेवा. कागद एकावर एक रचून वर वजन देऊ नका, पुस्तकांसारखे उभे ठेवा. वाचण्याआधी हात धुऊन कोरडे करायची सवय लावा. घामेजलं बोट कागदावर अडकतं आणि बिंदूही लवकर झिजवतं. प्लास्टिकची पाटी दुपारी उन्हातल्या गाडीत राहिली तर वाकते, आणि एकदा वाकली की बिंदू जुळत नाहीत.

पर्किन्स ब्रेलरशी तुलना नेहमी होते. अमेरिकेतल्या पर्किन्स शाळेतले सुतारकामाचे शिक्षक डेव्हिड अब्राहम यांनी रचलेलं हे यंत्र 1951 मध्ये बाजारात आलं. सहा बिंदूंच्या सहा कळा, अक्षराला लागतील तेवढ्या एकदम दाबायच्या, लिखाण डावीकडून उजवीकडे, आणि बिंदू वर उमटत असल्यामुळे लिहिता लिहिता वाचता येतं. शिकायला ते निःसंशय सोपं. पण वजन पाच किलोच्या जवळपास, किंमत पाटीच्या कित्येक पट, आणि बिघडलं तर जाणकार कारागीर शोधावा लागतो. शाळेत ब्रेलर आणि दप्तरात पाटी ही जोडी सगळ्यात चांगली. मोबाइल ऐकण्यापुरता उत्तम आहे. पण नुसतं ऐकून ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतला फरक कळत नाही, तो बोटालाच कळतो. बार्बिएच्या पद्धतीत लुईला हेच खटकलं होतं.

पाटी मिळते कुठे? डेहराडूनची दृष्टिदिव्यांगांसाठीची राष्ट्रीय संस्था ब्रेल साहित्य बनवते आणि तिच्या पाट्यांची मापं भरवशाची असतात. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेतूनही ब्रेल साहित्य मिळतं. त्यासाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला तयार ठेवा. शिबिरात मिळालेली पाटीही वरच्या ‘ढ’च्या कसोटीने तिथेच तपासा आणि सदोष असेल तर तिथेच बदलून मागा. घेण्याआधी दक्षिण अंबाझरी मार्गावरच्या अंध विद्यालयासारख्या ठिकाणी, रोज ब्रेल लिहिणाऱ्या माणसाच्या हातात ती देऊन बघता आली तर फारच चांगलं. तो दोन ओळी लिहील आणि लगेच सांगेल.

स्टायलस मात्र दोन घ्या आणि त्यातला एक दोरीने फळ्याला बांधून ठेवा. खाली पडून घरंगळला तर दृष्टिहीन मुलाला तो शोधायला वेळ लागतो, आणि फरशीवर आपटून टोक चेपलं तर त्या दिवसापासून कागद फाटायला लागतो.