दोन्ही शॉकअप डावेच

गाडी जानेवारी २०२१ची, छोटी, पेट्रोलवरची. कंपनीचं आणि सर्व्हिस सेंटरचं नाव लिहीत नाही, कारण शेवटी तडजोडीच्या कागदावर सही करून बसलोय. पण झालं काय ते सांगतो. डोंबिवलीत राहणारे आणि गणपतीला मुंबई-गोवा महामार्गाने गावी जाणारे माझ्यासारखे हजारो आहेत, त्यांच्या कामाला येईल.

२०२१च्या गणपतीला गाडी पहिल्यांदा संगमेश्वराकडे गेली. वडखळपासून पुढे रस्त्याची तेव्हा काय दशा होती ते त्या रस्त्याने गेलेल्यांना माहीत आहे. परत आल्यावर पुढच्या चाकांकडून आवाज यायला लागला. जागेवर स्टेअरिंग फिरवलं की ‘कट्’, आणि सोसायटीच्या गेटमधल्या गतिरोधकावरून हळू उतरलं की ‘टक-टक’. ऑक्टोबरमध्ये सर्व्हिसला दिली तेव्हा सांगितलं. अ‍ॅडव्हायझर गोड मुलगा. गेटपर्यंत एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, “सर, छोट्या गाडीत एवढं नॉर्मल आहे. सस्पेन्शन थोडं कडक असतं, सेट होईल.” मीही मान डोलावली. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये, पुन्हा गणपतीच्या आधी, तेच सांगितलं आणि तेच उत्तर मिळालं.

दोन्ही वेळच्या जॉब कार्डवर, म्हणजे गाडी देताना भरतात त्या कागदावर, काय लिहिलंय ते मी फार उशिरा वाचलं. ‘पेड सर्व्हिस, जनरल चेकअप.’ आवाजाचा उल्लेख एका अक्षरानेही नाही. खाली माझी सही मात्र ठसठशीत.

वॉरंटी दोन वर्षं किंवा ४०,००० किलोमीटर, जे आधी होईल ते. माझी गाडी तोवर जेमतेम २१,००० चालली होती, पण जानेवारी २०२३मध्ये दोन वर्षं भरली. एप्रिलमध्ये गाडी पुन्हा गेली, तेव्हा तोच आवाज अचानक गंभीर झाला. लिफ्टवर चढवून मला खाली बोलावलं आणि टॉर्च मारून दाखवलं: डाव्या शॉकअपमधून, म्हणजे चाकाचे धक्के झेलणाऱ्या दांड्यातून, तेल गळतंय, त्याला वर धरणाऱ्या माउंटचं बेअरिंग गेलंय, लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या पट्टीचे, रबरी बुश फाटलेत. हे सगळं खरं होतं, तेल मला दिसलं. मग एस्टिमेट आलं ३६ हजारांचं. पुढचे दोन्ही शॉकअप, दोन्ही माउंट किट, दोन्ही लोअर आर्म आणि वर स्टेअरिंग रॅक, म्हणजे स्टेअरिंग फिरवलं की चाकं वळवणारा भाग. वॉरंटीचं विचारलं तर म्हणाले, “सर, तीन महिने आधी आला असता तर!”

मी आधी आलो होतो, दोनदा. पण ते आता कोणाला दाखवणार?

रॅकला मी नाही म्हटलं, तेवढी एक अक्कल सुचली. बाकीचं बिल झालं २२,३१४ रुपये. दोन शॉकअप ६,९००, माउंट किटची जोडी २,३००, दोन लोअर आर्म ४,४००, मजुरी करासकट ५,६६४, अलाइनमेंट-बॅलन्सिंग १,२००. आणि १,८५०चं इंजिन फ्लश आणि एसी डिसइन्फेक्शन, जे मी मागितलंच नव्हतं. जुने पार्ट मागितले तर एका सिमेंटच्या पोत्यात भरून डिकीत ठेवून दिले. घरी आल्यावर ते पोतं तसंच माळ्यावर गेलं. निघताना अ‍ॅडव्हायझरने हात जोडले होते, “सर, फीडबॅकचा फोन येईल, प्लीज दहापैकी दहा द्या, आमचा इन्सेन्टिव्ह असतो.” गाडीचा आवाज खरंच कमी झाला होता. दिले दहा.

पावसाळा लागला आणि आवाज परत आला. या वेळी फक्त उजवीकडून.

सप्टेंबरमध्ये गावी गेलो तेव्हा देवरुखच्या वाटेवरच्या एका गॅरेजवाल्याकडे गाडी नेली. पत्र्याची शेड, एक जॅक, दोन लाकडी ठोकळे, बस्स. त्याने आधी बॉनेटच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी दाब दिला आणि सोडला. डावी बाजू एकदा वर येऊन थांबली. उजवी बाजू मात्र दोन-तीनदा हिंदकळली. मग चाक उचलून वर-खाली धरून हलवलं, आणि आत डोकं घालून मला हाक मारली.

“दादा, ह्या बाजूला कोणी हात लावलेला नाय.”

“अहो, बिल आहे माझ्याकडे, दोन्ही बदललेत.”

“बिल हाय, पन माती पन हाय.”

स्प्रिंग ज्या बशीवर बसते त्या बशीत आमच्या गावच्या रस्त्याची तांबडी माती घट्ट वाळून बसली होती. सर्व्हिस सेंटरच्या धुलाईत खालचा चिखल निघतो, पण वर बशीत साचलेला निघत नाही. आणि एप्रिलमध्ये नवा शॉकअप घातल्यावर मी गावी गेलोच नव्हतो, हाच पहिला फेरा. दोन दिवस गावात ऊन होतं, रस्ता कोरडा. मग ही माती आली कुठून? मागच्या वर्षीच्या गणपतीची होती ती. शॉकअपचे नट गंजलेले, त्यांवर पान्याचा एक चराही नाही. लोअर आर्मचं रबर चिरलेलं. डावीकडे सगळं काळंभोर, नवं, वर पार्ट नंबरचा पांढरा स्टिकर.

मी म्हटलं, बदलूनच टाका. तर शेजारी उभी असलेली बायको म्हणाली, “अजिबात हात लावायचा नाही. आधी फोटो काढा.” आमच्या घरात वकिली कोणी शिकलेलं नाही, पण ही बुद्धी तिची. किलोमीटरचा काटा, नंबर प्लेट आणि उजवं चाक एकाच व्हिडिओत, न थांबवता घेतलं. गॅरेजवाल्याने दीडशे रुपये घेतले आणि घाटात हळू जायला सांगितलं.

डोंबिवलीला आल्यावर पोतं खाली काढलं. शॉकअपच्या अंगावर ब्रेकची नळी अडकवायला एक पट्टी असते. ती डाव्या शॉकअपला एका अंगाला असते, उजव्याला त्याच्या उलट. डाव्या पायातली चप्पल उजव्या पायात घालता येत नाही, तसंच हे. पोत्यातले दोन्ही शॉकअप डावे होते. दोघांवर इंग्रजी ‘एल’. एकावर तांबडी माती, म्हणजे तो माझा. दुसरा राखाडी धुळीने माखलेला.

हे घेऊन मी सर्व्हिस सेंटरला गेलो. मॅनेजर आधी म्हणाला की पोतं भरताना पोरांची चूक झाली असेल. माती दाखवली तेव्हा गाडी ‘तपासायला’ दोन दिवस ठेवून घेतो म्हणाला. ठेवली असती तर उजवीकडे नवा शॉकअप बसला असता आणि माती पण गेली असती. मी किल्ली खिशातून काढलीच नाही. त्याऐवजी दुसऱ्या एका वर्कशॉपमधून लेखी तपासणी अहवाल घेतला, ८०० रुपये देऊन. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथून सर्व्हिस सेंटरला निरोप गेला आणि उत्तर आलं की ‘ग्राहक पूर्ण समाधानी आहे, फीडबॅकमध्ये १०/१० गुण’.

माझेच दहा गुण.

फेब्रुवारी २०२४मध्ये जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, आणि प्रकार घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. वकील सक्तीचा नाही, पण मसुदा मी एका ओळखीच्या वकिलाकडून तपासून घेतला. मी दोन मागण्या केल्या होत्या. उजव्या बाजूच्या न घातलेल्या पार्टचे पैसे, आणि वॉरंटीत सांगूनही न केलेल्या डाव्या बाजूचे पैसे.

त्यांच्या वकिलाने पहिल्या मागणीवर फार वाद घातला नाही. फोटो, अहवाल आणि पोतं, तिन्ही एकमेकांना धरून होते. दुसऱ्या मागणीवर मात्र त्याने शांतपणे दोन जॉब कार्डं पुढे ठेवली. यात आवाजाची तक्रार कुठे आहे? माझ्याकडे उत्तर नव्हतं. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा एक मेसेज जरी केला असता, “आज पुन्हा आवाजाबद्दल सांगितलं,” तरी चाललं असतं. शब्द तोंडचे होते, ते गेले वाऱ्यावर.

शेवटी तडजोड झाली. उजवा शॉकअप, किट आणि लोअर आर्म मिळून ६,८००, अर्धी मजुरी २,८३२ आणि खर्चापोटी ५,०००. डाव्या बाजूचे आणि इंजिन फ्लशचे पैसे बुडाले ते बुडाले. उजवं काम मी कल्याणमध्ये समोर उभं राहून करून घेतलं, जुना शॉकअप निघताना बशीतली माती जमिनीवर सांडली. रॅकला अजून काही झालेलं नाही.

आता गाडी देताना जॉब कार्डच्या खालच्या रिकाम्या जागेत मी पेनाने मराठीत लिहितो, ‘उजवीकडे वळताना पुढून कट् आवाज’, आणि सही करण्याआधी मोबाइलमध्ये फोटो घेतो. समोरचा वैतागतो. वैतागू दे. नवा पार्ट बसण्याआधी डब्यासकट बघतो, आणि जुन्यावर मार्करने गाडीचा नंबर टाकून ठेवतो, लिफ्टवर असतानाच.

पोतं अजून माळ्यावर आहे. बायको भंगारात द्या म्हणते, केस तर संपली. पण तो राखाडी धुळीचा दुसरा ‘एल’ बघितला की हात थांबतो. तो कोणाच्या तरी गाडीचा आहे. त्याचंही फक्त डावंच बदललं असेल, बिल दोन्हीचं दिलं असेल, आणि फोनवर दहा गुणही.