सहा महिने डिह्युमिडिफायर: मशीन चांगलं, पण हरभऱ्याएवढ्या चुंबकाने रडवलं

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, बाहेर चार दिवसांची झड आणि घरात दोन मशीन धुणं स्टँडवर पसरलेलं असताना आमचा डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा ओढून टाकीत जमा करणारं मशीन, थांबला. लाल दिवा लागला: टाकी भरली. टाकी काढली तर रिकामी. पुसून परत बसवली, लाल दिवा. प्लग काढून अर्ध्या तासाने लावला, लाल दिवा. रात्री अकरा वाजता मी टाकी हातात घेऊन स्वयंपाकघरात उभी होते आणि लेकीचे नर्सरीचे कपडे सकाळपर्यंत वाळणार नव्हते.

या मशीनबद्दल जानेवारीतच लिहायला घेतलं होतं, ते अर्धवट राहिलं. तेव्हा पाचपैकी पाच तारे दिले असते. आता सगळं सविस्तर लिहिते.

आम्ही इंग्लंडात, मँचेस्टरजवळच्या स्टॉकपोर्टला भाड्याने राहतो. शंभर वर्षांहून जुनं टेरेस्ड घर (एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या ओळीतलं), भरीव विटांच्या भिंती, मधे पोकळी नाही. वरच्या मागच्या खोलीत लेक झोपते, तिथे कपाटामागे दर नोव्हेंबरात काळे ठिपके उठतात. घरमालकाच्या एजंटला फोटो पाठवले की उत्तर ठरलेलं: खिडक्या उघड्या ठेवा, घरात कपडे वाळवू नका. बाहेर पाच अंश आणि पाऊस असताना तीन वर्षांच्या मुलीचे कपडे वाळवायचे कुठे, ते मात्र कोणी सांगत नाही. बुरशीला भिंतीवरचा डाग म्हणून सोडून देण्याचे दिवस गेले. इथून जवळच रॉचडेलला डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा घरातल्या बुरशीमुळे दगावला. घरातल्या बुरशीवर वेळेत उपाय करायला लावणारा, त्याच्या नावाने ओळखला जाणारा कायदा २७ ऑक्टोबर २०२५ पासून सोशल हाउसिंगला (कौन्सिल आणि हाउसिंग संस्थांच्या भाड्याच्या घरांना) लागू झाला. आमचं घर खासगी मालकाचं, म्हणून त्यात बसत नव्हतं. मी त्याच महिन्यात स्वतःच्या पैशांनी, १४९ पौंडांना, हे मशीन आणलं.

खोक्यावर 'दिवसाला १२ लिटर' लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. तो आकडा ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रतेत मोजतात. तशी हवा आमच्या चिपळूणला पावसाळ्यात मिळेल, स्टॉकपोर्टच्या बेडरूममध्ये नाही. आमच्या खोलीत १७ अंश आणि ६८ टक्के होते. त्यात रात्रभरात त्याहून खूप कमी पाणी निघतं, पण तेवढं पुरतं. पहिल्या आठवड्यातच आर्द्रता ५५ वर आली आणि कपाट उघडल्यावर येणारा कुबट वास गेला. कपाटामागची भिंत मी ऑक्टोबरात पुसून घेतली होती, ती अजून स्वच्छ आहे. आवाज पंख्याएवढा, आम्हाला त्याची सवय झाली. गॅरेजसारख्या थंडगार जागेत हा कॉम्प्रेसरवाला प्रकार नीट चालत नाही, तिथे डेसिकंट (ओलावा शोषणाऱ्या पदार्थावर चालणारा) घ्यावा लागतो. राहत्या घरात हाच बरा.

नोव्हेंबरात सासूबाई आल्या. पहिल्या सकाळी मी टाकी रिकामी करताना त्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या.

"हे पाणी कुठलं गं?"

"हवेतलं, आई. आणि आपल्या ओल्या कपड्यांतलं."

त्यांनी टाकीत बोट बुडवून पाहिलं. मग म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याचे लंगोट मी श्रावणात शेगडीवर डालगं पालथं घालून वाळवले. सगळ्या घरात धुराचा वास. हे तेव्हा असतं तर!" त्यानंतर टाकी रिकामी करायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. ते पाणी खिडकीतल्या तुळशीला जायचं.

आता खर्चाचं. मी प्लगमध्ये लावायचं छोटं मीटर आणून मोजलं. मशीन चालू असताना १७० वॉट ओढतं, आणि हवा कोरडी झाली की आपोआप थांबतं, म्हणून रात्रीला सरासरी १.१ युनिट. हिवाळ्यात आमचा दर युनिटला २७ पेन्सच्या आसपास होता, म्हणजे एका धुण्याला ३० पेन्स. साध्या टंबल ड्रायरला भरलेल्या एका फेरीत चार-पाच युनिट जातात, ते पौंडाच्या वर. शिवाय एक गोष्ट मला वापरताना कळली: ज्या खोलीत हे चालतं ती खोली दोन अंशांनी उबदार होते. वाफेचं पाणी होताना तिच्यातली उष्णता बाहेर पडते, लिटरमागे सुमारे ०.६८ युनिट. वर मोटरने ओढलेली वीजही शेवटी खोलीतच उष्णता होऊन उतरते. त्या खोलीचा रेडिएटर मी पूर्ण डिसेंबर एकवर ठेवला होता.

असं सगळं छान चाललेलं असताना तो लाल दिवा.

टाकीत एका कोपऱ्यात पांढरा प्लास्टिकचा तरंगता तुकडा आहे, काडेपेटीएवढा. पाणी चढलं की तो वर येतो. त्याच्या पोटात चुंबक असतो आणि मशीनच्या भिंतीत, टाकीला लागून, त्या चुंबकावर चालणारा स्विच. चुंबक जवळ असला तर टाकी बसलेली आहे आणि रिकामी आहे असं मशीन समजतं. चुंबक दूर गेला की टाकी भरली, थांबा. मी तो तुकडा काढून पालथा केला तेव्हा चुंबकाची खोबण रिकामी होती. टाकीच्या तळाशी बुळबुळीत थरात तपकिरी पूड सापडली आणि तिच्यात हरभऱ्याएवढा एक खडा, बोटांनी दाबला तर भुगा होणारा. चुंबक गंजून, फुगून, निखळला होता. जी वस्तू जन्मभर पाण्यात राहणार, तिच्यात लोहाचा चुंबक उघडा बसवायचा हे कोणत्या माणसाने ठरवलं, हा प्रश्न मला अजून छळतो. खोबणीला झाकण असतं तर हा लेख दोन परिच्छेदांत संपला असता.

दुकानाला फोन केला. म्हणे, वर्षाची वॉरंटी उत्पादकाची, त्यांच्याशी बोला. उत्पादकाच्या हेल्पलाइनवर चाळीस मिनिटं संगीत ऐकलं. मी म्हटलं, मला फक्त टाकी द्या, पैसे देते. टाकी सुटी मिळत नाही. मग तो तरंगता तुकडा द्या. तोही नाही. जुलै २०२१ पासून इथे वॉशिंग मशीन, डिशवॉशर, फ्रीज आणि टीव्हीचे सुटे भाग पुरवणं उत्पादकांना बंधनकारक आहे, पण त्या यादीत डिह्युमिडिफायर नाही.

मग मी पुन्हा दुकानाकडे वळले, या वेळी लेखी. कन्झ्युमर राइट्स ॲक्ट, २०१५ प्रमाणे माझा करार विकणाऱ्याशी आहे, उत्पादकाशी नाही. पहिले ३० दिवस उलटल्यावर विकणाऱ्याला दुरुस्ती किंवा बदलीची एक संधी मिळते. आणि सहा महिन्यांच्या आत बिघाड झाला तर तो मुळातला दोष धरला जातो, तसा नाही हे त्यांनी सिद्ध करायचं. हे तीन मुद्दे आणि गंजलेल्या चुंबकाचा फोटो पाठवला. दोन दिवसांत उत्तर आलं: नवीन मशीन पाठवतो. जुन्याची वायर प्लगजवळ कापा, कापलेल्या वायरचा आणि सिरियल नंबरचा फोटो पाठवा, आणि मशीन टिपला (कौन्सिलच्या भंगार-कचरा केंद्रावर) नेऊन टाका.

नवरा म्हणाला, काप आणि मोकळी हो. मी कात्री घेऊन बसलेही. पण हात होईना. कॉम्प्रेसर ठणठणीत, पंखा ठणठणीत, आत गॅस भरलेला, आणि पेन्सभराच्या चुंबकापायी हे सगळं भंगारात? शिवाय नव्या मशीनमध्ये तोच चुंबक असेल तर चार महिन्यांनी पुन्हा हेच. मी दुकानाकडे दहा दिवस मागून घेतले.

आमच्याकडे महिन्यातून एका शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये रिपेअर कॅफे भरतो, बिघडलेल्या वस्तू नेऊन दुरुस्त करून घ्यायच्या. ही कल्पना २००९ मध्ये ॲमस्टरडॅमला सुरू झाली, आता इथे बऱ्याच गावांत आहे. चहा, केक आणि निवृत्त मंडळी टेबलांवर आपापली हत्यारं मांडून बसलेली. माझ्या वाट्याला सत्तरीतले एक आजोबा आले. त्यांनी मशीन लावलं, लाल दिवा पाहिला, काही न बोलता हॉलच्या स्वयंपाकघरात गेले आणि फ्रीजवरचा ब्लॅकपूलच्या टॉवरचा चुंबक घेऊन आले. टाकी बाहेर ठेवूनच तो चुंबक त्यांनी टाकीच्या कप्प्याच्या भिंतीवरून हळूहळू खाली सरकवला. तळाच्या उजव्या कोपऱ्याशी लाल दिवा विझला. पंखा फिरायला लागला. माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

मग त्यांनी डबीतला एक नाण्यासारखा चपटा चुंबक निवडला, इपॉक्सीचा (कडक होऊन पाणी अडवणाऱ्या चिकट द्रवाचा) थर दिला, वाळू दिला, खोबणीत बसवला आणि वरून पुन्हा इपॉक्सी ओतून तोंड बंद केलं. पॅट टेस्ट (विजेच्या उपकरणाची सुरक्षा-चाचणी) करून हिरवं स्टिकर लावलं. पैसे विचारले तर दानपेटीकडे बोट दाखवलं. मी पाच पौंड टाकले.

दुकानाला कळवलं की नवीन मशीन नको, वायर कापणार नाही, त्याऐवजी एक टाकी पाठवा. हे सगळं मार्चमध्ये लिहून ठेवलं होतं आणि शेवटी 'टाकी देत नाहीत' असा एक तारा दिला होता. तो मागे घेते, कारण गेल्या आठवड्यात टाकी आली, फुकट.

खोकं उघडून आधी तरंगता तुकडा काढला आणि जुन्याशेजारी ठेवला. मापं तीच, रंग तोच. फक्त नव्याच्या पोटाला आता प्लास्टिकचं झाकण आहे, चारी बाजूंनी वितळवून बंद केलेलं. चुंबक दिसतसुद्धा नाही. म्हणजे हा दोष कोणाच्या तरी लक्षात आला होता आणि सुधारलाही होता. मग ज्यांच्याकडे जुनी टाकी आहे त्यांना तो तुकडा का पाठवला नाही? दोन्ही तुकड्यांचा शेजारीशेजारी फोटो काढून मी हाच प्रश्न दुकानाला आणि उत्पादकाला विचारला आहे. वायर कापून किती मशीन टिपला गेली असतील, तेही विचारलं आहे.

मशीनला चार तारे. तुमच्याकडे रिकामी टाकी असताना लाल दिवा लागला तर आधी फ्रीजवरचा चुंबक आणा आणि कात्री लांब ठेवा. उत्तर आलं की इथेच खाली लिहीन.