रबरी पिशवीचा शेक की कोमट पाण्याचा टब?

ज्यांचं मिरजेला दाखवून झालंय, सोनोग्राफीत प्रोस्टेट (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) वाढलेली निघाली, गोळी सुरू आहे आणि डॉक्टर म्हणाले, 'शेक घेतलात तरी चालेल.' पुढचं त्यांच्यासाठी. शेकाने ग्रंथी लहान होत नाही. आवळलेले स्नायू सैल पडतात, ठणका उतरतो, एवढंच. दवाखान्यातली मायक्रोवेव्हची किंवा वाफेची पद्धत निराळी, तिच्यात मूत्रमार्गातून उपकरण आत घालतात.

पिशवी सोयीची, वादच नाही. दोन-तृतीयांश भरायची, उकळतं पाणी नको, बूच लावण्याआधी दाबून हवा काढायची (नाहीतर फुगून घरंगळते), पंच्यात गुंडाळून 15-20 मिनिटं ओटीपोटावर. तिच्यासकट झोप लागली तर भाजतं, आणि मधुमेहाने संवेदना कमी झालेल्यांना ते कळतही नाही. विजेवरची जेलची पिशवी वायर काढूनच अंगाला लावावी.

पण ठणका बहुधा अंडकोश आणि गुदद्वार यांच्या मधल्या जागी असतो. तिथे ओटीपोटावरचा शेक पोचत नाही, आणि पिशवीवर बसावं तर ती फुटायची भीती. त्याहून वैताग पुढचा. शेकून जरा मोकळं वाटतं, मग उठायचं, थंडीच्या पहाटे परसातल्या संडासापर्यंत चालत जायचं. गार फरशीवर उभं राहीपर्यंत सगळं पुन्हा आवळतं आणि धार अडते. माझ्या अनुभवात पिशवी इथेच मागे पडते. टबात बसल्याबसल्या लघवी लागली तर तिथेच होऊ द्यावी. संकोच कसला, पाणी ओतूनच द्यायचं असतं.

कपडे भिजवायचा रुंद टब पुरतो. आधी गार पाणी, मग बंबातलं गरम. कोपर बुडवून पाहा, थर्मामीटर असेल तर 40 अंशांच्या आसपास, 42 च्या वर नको. पाणी बेंबीच्या खाली, पाय बाहेर. मीठ, जंतुनाशक काही नको, आग होते. थंडीत आठ-दहा मिनिटांत पाणी निवतं, तेव्हा कडेने तांब्याभर गरम ओतून हाताने ढवळावं. 15-20 मिनिटांवर बसू नये. उठताना जपा: प्रोस्टेटसाठी देतात त्या टॅमसुलोसिन गोळीने रक्तदाब उतरू शकतो, गरम पाण्यानेही उतरतो, दोन्ही मिळून चक्कर येते. शेजारी जड स्टूल असावं. गुडघे धरत असतील तर मेडिकलमध्ये कमोडवर बसवायचं प्लास्टिकचं भांडं मिळतं. उथळ आहे, पाणी लवकर निवतं, तरी पिशवीपेक्षा मला तेच बरं वाटतं.

मूल हवं असलेल्यांनी मात्र रोज टबात बसू नये, उष्णतेने शुक्राणू घटतात. त्यांना पिशवीच ठीक. थंडी वाजून ताप, लघवीत रक्त असेल तर आधी डॉक्टर. आणि धार अचानक जास्त अडू लागली तर सर्दीची गोळी घेतलीय का ते आठवा. तिच्यातल्या काही औषधांनी लघवी अडते. लघवी पूर्ण तुंबून ओटीपोट टणक झालं तर शेकत बसू नका, दवाखान्यात नळी घालूनच मोकळी करावी लागते.