रस्ता इथे, जंगल तिथे: भरपाईचा कुठला पर्याय कधी घ्यायचा

रस्ता होणारच आहे आणि त्यात गवताळ रान, पाणथळ किंवा झाडी जाणार आहे, फक्त भरपाई कशी करायची एवढं ठरवणं तुमच्याकडे आलंय, तर समोर साधारण चार पर्याय येतात. रस्त्याच्याच कडेला लागवड, लांब कुठेतरी जागा घेऊन स्वतः अधिवास उभा करणं, आधीच तयार असलेल्या अधिवास बँकेतून (म्हणजे भरपाईसाठी विकायला कोणीतरी आधीच उभं केलेलं रान किंवा पाणथळ) क्रेडिट, म्हणजे त्यातला हिस्सा, विकत घेणं, नाहीतर सरकारी फंडात पैसे भरणं. रिपोर्टमध्ये चौघांपुढे "भरपाई झाली" हेच लिहिलं जातं, पण प्रत्यक्षात जमिनीवर काय उरतं त्यात खूप फरक आहे.

रस्त्याकडेची लागवड सगळ्यात सोपी, जागा आधीच ताब्यात असते म्हणून. पण आवाज, दिवे, धूळ आणि गाड्यांखाली मरणारे प्राणी हे सगळं तिथेच असतं. 2010 मध्ये 49 अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात पक्ष्यांवर रस्त्याचा परिणाम साधारण 1 किलोमीटरपर्यंत आणि सस्तन प्राण्यांवर 5 किलोमीटरपर्यंत दिसला होता. मग कडेच्या पाच-दहा मीटरच्या पट्ट्यात फळझाडं लावून आपण पक्ष्यांना कुठे बोलावतोय याचा विचार करा. देशी गवत आणि फुलझाडं लावा, मधमाश्या-फुलपाखरांना उपयोग होतो, पण ते वरचं काम समजा, भरपाईत मोजू नका. या मुद्द्यावर ऑफसाइट, म्हणजे रस्त्यापासून लांब केलेली भरपाई, सरळ पुढे आहे.

आता ऑफसाइटमध्ये स्वतः करायचं की बँकेकडून घ्यायचं? माझं मत स्पष्टपणे बँकेच्या बाजूने आहे, आणि कारण आहे वेळ. स्वतः करताना बुलडोझर आज फिरतो आणि नवीन पाणथळ जमलंच तर वीस-तीस वर्षांनी जमतं, मधल्या काळात ज्या बेडकांचं, पक्ष्यांचं घर गेलं त्यांनी राहायचं कुठे? 2012 मध्ये जगभरातल्या 621 पुनर्संचयित पाणथळ जागांचा अभ्यास आला होता, त्यात शंभर वर्षांनंतरसुद्धा तिथली जीवरचना मूळ पाणथळांपेक्षा सरासरी 26 टक्के कमी भरली. बँकेत निदान काम आधी सुरू होतं आणि अधिवास ठरलेल्या टप्प्याला पोचला की तेवढी क्रेडिट विकायला मोकळी होतात. अमेरिकेत 2008 च्या नियमात पाणथळांसाठी पसंतीचा क्रमच असा आहे, आधी बँक, मग फंड, आणि प्रोजेक्टवाल्याने स्वतः करायचं ते त्यानंतर.

पण बँकेत तुमच्याच प्रकारचा अधिवास मिळतोय का हे बघा. पाणथळ गेलं आणि क्रेडिट झाडीचं घेतलं तर आकडे जुळतील, बगळे नाही जुळणार. आणि बँक दुसऱ्याच खोऱ्यात असेल तर जवळची जागा घेऊन स्वतः करणं बरं, फक्त मग क्षेत्र दुप्पट-तिप्पट धरा, कारण त्यातलं काही फसणार हे धरूनच चालायचं असतं. आधीच चांगलं असलेलं जंगल "आम्ही राखू" म्हणून भरपाईत दाखवतात तेही नीट तपासा, त्याला खरंच धोका नव्हता तर निसर्गात नवीन काहीच आलं नाही, जे गेलं ते गेलंच.

नुसती संख्या मोजून काय होतं ते ऑस्ट्रेलियातल्या ह्यूम हायवेवर दिसलं. रस्ता रुंद करताना ढोल्या असलेली जुनी झाडं तोडली आणि बदल्यात तीनशेच्या वर कृत्रिम घरट्यांच्या पेट्या बसवल्या, मुख्यतः तीन जातींसाठी: सुपर्ब पॅरट हा पोपट, स्क्विरल ग्लायडर हा झाडांवरून तरंगत जाणारा छोटा प्राणी आणि ब्राऊन ट्रीक्रीपर हा पक्षी. काही वर्षं पेट्या उघडून तपासल्या तर पॅरट एकाही पेटीत राहिला नव्हता, बाकी दोघं अगदी क्वचित सापडले, आणि पेट्या भरल्या होत्या त्या एरवीही सगळीकडे दिसणाऱ्या पोसम नावाच्या प्राण्यांनी, बाहेरून आलेल्या उंदीर-मधमाश्यांनी. ढोली तयार व्हायला त्या झाडांना शंभरावर वर्षं लागतात, तेवढी एखादी पेटी टिकेल तरी का?

फंडात पैसे भरणं हा शेवटचा पर्याय ठेवा. इंग्लंडमध्ये फेब्रुवारी 2024 पासून प्लॅनिंग परवानगीसाठी जैवविविधता 10 टक्के वाढवून दाखवणं आणि ती 30 वर्षं सांभाळणं सक्तीचं झालं, तिथेही सरकारी क्रेडिट सगळ्यात शेवटी आणि तीसुद्धा दुपटीने घ्यावी लागतात. पैसे भरले की प्रोजेक्टची फाइल बंद होते आणि ते पैसे कुठे, कधी, कशावर लागले हे विचारायला कोणी उरत नाही. अगदी लहान तुकडा जात असेल, ज्याला वेगळी जागा घेणं परवडतच नाही, तिथे ठीक आहे.

आणि चारही पर्यायांत एक गोष्ट अजिबात येत नाही ती म्हणजे तुटलेली वाट. लांब कितीही सुंदर रान उभं केलं तरी रस्त्याच्या दोन बाजूंना अडकलेले प्राणी अडकलेलेच राहतात. त्यासाठी कुंपण आणि भुयारी मार्ग किंवा वरून पूलच लागतो, कॅनडातल्या बॅन्फमध्ये अशा कामानंतर प्राण्यांचे अपघात 80 टक्क्यांहून जास्त कमी झाले. हा खर्च ऑफसेटच्या, म्हणजे या भरपाईच्या, बजेटमधून कापू देऊ नका, तो वेगळा धरायला लावा.

ऑफसेटला "मिटिगेशन" (म्हणजे नुकसानच टाळणं किंवा कमी करणं) म्हणून खपवायचा प्रयत्नही होतो. नेदरलँड्समध्ये ए2 मोटरवेच्या रुंदीकरणात संरक्षित कुरणाचं नुकसान होणार होतं, तर त्याच क्षेत्रात दुसरीकडे तसंच कुरण तयार करू म्हणाले, पण 2014 मध्ये युरोपियन कोर्टाने सांगितलं की ही भरपाई आहे, नुकसान टाळणं नव्हे, आणि भरपाई मान्य होण्याआधी दुसरा मार्ग नाही हे दाखवावं लागतं.

म्हणून जुनं जंगल, पीटची (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची) दलदल असलं काही आडवं येत असेल तर चारातलं काहीच निवडू नका, आखणी बदला म्हणा. ते होऊ शकतं. पोलंडमध्ये रोस्पुडा खोऱ्यातल्या दलदलीवरून ऑगस्टोव्ह बायपास जाणार होता, लोक उठले, प्रकरण युरोपियन कोर्टात गेलं, 2009 मध्ये मार्ग राच्कीवरून वळवला आणि रस्ताही झाला.

बाकी ठिकाणी सही करायच्या आधी करारात दोन गोष्टी लिहून घ्या: पंधराव्या वर्षी मॉनिटरिंगचे पैसे कोण देणार, आणि अधिवास जमला नाही तर पुन्हा करायची जबाबदारी कोणाची. याचं उत्तर नावानिशी मिळत नसेल तर जमीन ताब्यात देऊ नका.