मोल-स्टार: अ‍ॅक्वापोरिन शिकवायला कितपत उपयोगी?

अ‍ॅक्वापोरिन म्हणजे पेशीच्या पटलातून पाण्याला वाट देणारं प्रथिन. बी.एस्सी.च्या वर्गात मात्र ते म्हणजे फळ्यावर काढलेली एक नळी, एवढ्यावरच बहुतेक वेळा भागतं. त्या नळीतून सेकंदाला सुमारे ३ अब्ज पाण्याचे रेणू जातात, पण एकही प्रोटॉन (हायड्रोजनचा धन आयन) का जात नाही, हे त्या चित्रातून कळणं शक्य नाही. प्रोटीन डेटा बँक हा प्रथिनांच्या रचनांचा संग्रह. तिच्या संकेतस्थळावरचा, या रचना फिरवून दाखवणारा मोल-स्टार हा दर्शक त्यासाठी उत्तम आहे. पैसे लागत नाहीत, खातं उघडावं लागत नाही, साधा ब्राउझर पुरतो. मात्र जसा उघडतो तसाच दाखवला, तर विद्यार्थी चुकीचं शिकून जातात.

पहिली चूक संग्रहातली नोंद निवडतानाच होते. माणसाच्या लाल रक्तपेशीतलं अ‍ॅक्वापोरिन-१ हवं म्हणून बरेच जण १एफक्यूवाय उघडतात. ती २००० सालची, इलेक्ट्रॉन स्फटिकशास्त्रातून मिळालेली रचना. तिचं रिझोल्यूशन, म्हणजे तपशिलाची बारकाई, ३.८ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटावा भाग; आकडा लहान तितकं चित्र स्पष्ट). प्रथिनाची घडी कशी आहे ते कळतं, पण पाण्याचे रेणू तिच्यात नाहीतच. वर्गासाठी ३जीडी८ घ्या (संकेत इंग्रजी अक्षरांत टाइप करायचा). हे मेंदूत विपुल असणारं मानवी अ‍ॅक्वापोरिन-४, रिझोल्यूशन १.८ अँगस्ट्रॉम. पोकळीत ओळीने बसलेले लाल ठिपके दिसतात, तेच पाणी.

दुसरी चूक जास्त घातक. रचना उघडते ती चार साखळ्यांच्या (साखळी म्हणजे प्रथिनाचा एक रेणू) जुळणीत, आणि वरून पाहिलं की चौघींच्या मधोमध एक भोक दिसतं. विद्यार्थी हमखास त्यावरच बोट ठेवतात. पाण्याची वाट ती नव्हे! प्रत्येक साखळीची पोकळी स्वतंत्र आहे, म्हणजे एका चौकडीत चार वाटा. म्हणून स्ट्रक्चर पॅनेलमध्ये ‘असेंब्ली’ऐवजी ‘मॉडेल’ निवडून एकच साखळी ठेवा, ती नीट समजली की मगच चौकडीकडे जा.

एका साखळीत पटल ओलांडणारी सहा हेलिक्स (मळसूत्रासारखे भाग) आणि दोन अर्धी हेलिक्स असतात. ही अर्धी दोन विरुद्ध बाजूंनी आत शिरून मध्यावर भेटतात. वरच्या क्रमपट्टीत साखळीतली अमिनो आम्लं क्रमांकाने मांडलेली असतात; तिथे अ‍ॅस्पॅराजिन ९७ आणि २१३ वर क्लिक करा, तो मध्य समोर येतो. नंतर फेनिलअ‍ॅलनिन ७७, हिस्टिडिन २०१, अ‍ॅलनिन २१० आणि आर्जिनिन २१६ घ्या. ही पोकळीतली सर्वांत अरुंद जागा. अ‍ॅक्वापोरिन-१ मध्ये २१० च्या जागी सिस्टीन १८९ असतं. पारा त्यालाच चिकटून वाट अडवतो. अ‍ॅक्वापोरिन-४ मध्ये ते सिस्टीन नसल्याने तिथे पाऱ्याचा तसा परिणाम होत नाही. दोन्ही नोंदी शेजारी उघडून हा एक फरक दाखवला, तरी तासाचं चीज होतं.

कोकणातल्या मुलांना खारबंदिस्तीची (भरतीचं खारं पाणी शेतात येऊ न देणाऱ्या बांधाची) उघाडी, म्हणजे त्यातलं झापडाचं दार, ठाऊक असते, म्हणून ती उपमा चटकन सुचते. खारं पाणी अडतं इथपर्यंत ती ठीक आहे. पण उघाडीचं झापड एकाच दिशेने उघडतं, अ‍ॅक्वापोरिनला झापड नाही. विद्राव्याचं प्रमाण जिकडे जास्त, तिकडे पाणी जातं, मग ते आत असो वा बाहेर. हे स्पष्ट सांगितलं नाही तर ‘पंप’ असा गैरसमज पक्का होतो.

अंतर मोजताना निवडीची पातळी ‘रेसिड्यू’ (अमिनो आम्ल) वरून ‘अ‍ॅटम’ (अणू) वर आणायची. नाहीतर अंतर अख्ख्या अमिनो आम्लाच्या मध्यापासून मोजलं जातं. अणू नीट निवडले तरी आलेला आकडा पोकळीची रुंदी नसतो, कारण तो अणूंच्या केंद्रांमधला आहे. दोन्ही बाजूंच्या अणूंची त्रिज्या, प्रत्येकी साधारण दीड अँगस्ट्रॉम, वजा करा. अ‍ॅक्वापोरिन-१ च्या अरुंद जागेची पुस्तकात दिलेली रुंदी २.८ अँगस्ट्रॉम आणि पडद्यावरचा आकडा जुळत नाहीत, ते यामुळे.

प्रोटॉन का जात नाही याचं उत्तर मात्र दर्शक आपणहून देत नाही. ३जीडी८ सारख्या रचना क्ष-किरणांनी मिळवतात, आणि त्यांना हायड्रोजन सहसा दिसत नाहीत, त्यामुळे ठिपके फक्त ऑक्सिजनचे असतात. अर्ध्या हेलिक्सची धन टोकं मध्यावर येतात, त्यांचा विद्युत अडथळा प्रोटॉनला रोखतो, हे शिक्षकानेच सांगायचं.

फोनवर फिरवून पाहणं जमतं, मोजमाप नाही. अणूवर बोट नेमकं बसत नाही. जुलैतल्या पावसात नेट गेलं तर घाबरू नका. रचना एकदा उघडली की फिरवणं, मोजणं आपल्याच संगणकावर चालतं. फक्त पान रिफ्रेश करू नका, आणि वीज जाण्याआधी हव्या त्या कोनांची चित्रं उतरवून ठेवा.