लॉग जागेवरच टाकावा की घरी येऊन?

जिओकॅशिंग म्हणजे कुणीतरी लपवलेल्या डब्या जीपीएसच्या आधारे शोधण्याचा खेळ. त्यात थोडं रुळलं की हा प्रश्न पडतोच. डबी सापडली, कागदावर सही झाली, आता ऑनलाइन लॉग, म्हणजे शोधाची नोंद, तिथंच उभ्या उभ्या फोनवरून टाकायचा, की ड्राफ्ट जतन करून रात्री घरी निवांत लिहायचा? म्युनिकला आल्यापासून मी दोन्ही पद्धती भरपूर वापरल्या. दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं आहे आणि माझा कल कुठे आहे तेही सांगतो.

कागदावरच्या सहीचा मुद्दा इथे येतच नाही. ३ मे २००० ला डेव्ह अल्मरनं ओरेगनमधल्या बीव्हरक्रीकजवळ या खेळातली पहिली डबी म्हणून एक बादली ठेवली, तिच्यातही वही आणि पेन्सिल होतीच. आजही वहीत तुमचं नाव नसेल तर मालक, म्हणजे डबी लपवणारा, ऑनलाइन लॉग काढून टाकू शकतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. तेव्हा पेन जवळ ठेवायचं. प्रश्न आहे तो त्यानंतरचा.

जागेवर लॉग टाकण्याचा मोठा गुण म्हणजे काम तिथल्या तिथे संपतं. दिवसभरात बऱ्याच डब्या झाल्या की संध्याकाळी कुठली पुलाखालची आणि कुठली बाकाखालची, याची सरमिसळ व्हायला लागते. तारीख चुकत नाही, क्रम चुकत नाही. एफटीएफ (‘फर्स्ट टू फाइंड’, म्हणजे डबी सर्वांत आधी सापडण्याचा मान) मिळाला असेल तर लगेच कळवणं हे सौजन्यच आहे, कारण नवी डबी प्रसिद्ध झाली की अंधारात टॉर्च घेऊन निघालेले आणखी दोघे-तिघे असतातच. ट्रॅव्हल बग, म्हणजे एका डबीतून दुसरीत फिरणारी क्रमांक असलेली वस्तू, उचलला असेल तर त्याचीही नोंद तिथेच करावी, नाहीतर पुढचा येणारा रिकाम्या डबीत तो शोधत बसतो.

पण जागेवर लिहिलेला मजकूर कसा असतो ते पाहा. जानेवारीत म्युनिकमधल्या ईझार नदीच्या काठी नॅनो, म्हणजे सगळ्यांत चिमुकली डबी, शोधायची म्हणजे हातमोजे काढायचे, करंगळीच्या नखाएवढी टोपी उघडायची, आतली कागदाची सुरळी चिमट्यानं बाहेर ओढायची, टोपणनाव कसंबसं बसवायचं आणि ती सुरळी पुन्हा इतकी घट्ट गुंडाळायची की टोपी बसेल. एवढं झाल्यावर गारठलेल्या बोटांनी फोनवर कोण चार वाक्यं लिहिणार? शिवाय कुत्र्याला फिरवणाऱ्या आजी थांबून बघत असतात, बरोबरची मंडळी पुढे निघालेली असतात. मग ‘टीएफटीसी’ (‘थँक्स फॉर द कॅश’, म्हणजे डबीबद्दल आभार) लिहून मोकळं व्हायचं. जर्मन मित्र ‘डीएफडीसी’ लिहितात, एवढाच फरक.

यावर बरेच जण मधला मार्ग काढतात: तिथे ‘टीएफटीसी, सविस्तर नंतर’ असं टाकायचं आणि रात्री तोच लॉग संपादित करायचा. माझा निर्णय झाला तो नेमका इथे. लॉग टाकला की मालकाला मेल जातो, तो पहिल्या मजकुराचा. नंतर लॉगमध्ये केलेली भर त्याला मेलनं कळत नाही. माझी स्वतःची एक डबी जंगलातल्या वाटेवर आहे. तिच्यावर असाच एक त्रोटक लॉग आला, मी मेल वाचून पुढे गेलो. बऱ्याच आठवड्यांनी सहज पान उघडलं तर त्याच लॉगमध्ये छान सविस्तर लिहिलेलं होतं, झाकणाला चीर गेली आहे आणि आत ओल दिसते, हेसुद्धा. जाऊन पाहिलं तर वहीचा लगदा झालेला, आधीच्या सगळ्या सह्या गेलेल्या. लिहिणाऱ्यानं मनापासून लिहिलं होतं, पण ज्याच्यासाठी लिहिलं त्याच्यापर्यंत ते वेळेत पोचलंच नाही. याची चुटपुट मला अजून आहे.

तेव्हापासून मी सापडलेल्या डबीचा ड्राफ्टच ठेवतो. वेळ आणि तारीख त्यात जपली जाते, जोडीला आठवणीपुरते दोन-तीन शब्द टाकतो: ‘ओली पानं, म्हातारा मासेमार, वही भरत आली’. रात्री त्यावरून लॉग लिहायला फार वेळ लागत नाही आणि मालकाला पहिलाच मेल पूर्ण जातो. फोटोही मोठ्या पडद्यावर नीट बघून चढवता येतो. मागे लपवण्याची जागा दिसतेय हे फोनच्या पडद्यावर, उन्हात, खरंच लक्षात येत नाही.

घरी लिहिण्यातही एक दोष आहे आणि तो लहान नाही. संध्याकाळी थकवा आला की एकच परिच्छेद सगळ्या डब्यांवर चिकटवायचा मोह होतो: ‘आज मित्रांबरोबर सुंदर फेरी झाली, सर्व मालकांचे आभार’. फेरीतल्या प्रत्येक डबीवर शब्दन् शब्द तोच. एकाच मालकाच्या सगळ्या डब्या असतील तर त्याच्या मेलपेटीत तोच मजकूर रांगेनं येतो, आणि कुठली डबी कशी आहे ते एकातूनही कळत नाही. तसं लिहिणार असाल तर जागेवरचा ‘टीएफटीसी’ बरा म्हणायचा. प्रत्येक डबीला तिचं स्वतःचं एक वाक्य मिळालं तरी पुरे. आवडली असेल तर फेव्हरिट पॉइंट, म्हणजे पसंतीचा गुण, द्यावा. पैसे भरून झालेल्या प्रीमियम सदस्याला दहा शोधांमागे एकच मिळतो, म्हणून मालकाला त्याचं मोल वाटतं.

सुट्टीत पुण्याला गेलो की हा फरक जास्तच जाणवतो. आपल्याकडे डब्या विरळ, शोधणारे त्याहून विरळ. जर्मनीत एखादा लॉग पोकळ निघाला तरी आठवड्याभरात दुसरा येतो. इथे तुमचा लॉग कित्येक महिने शेवटचा राहू शकतो, आणि गडावर चढून जाणाऱ्या पुढच्या माणसाला तेवढाच आधार असतो. पावसाळ्यानंतर गवत किती वाढलंय, दगड ढासळलाय का, माकडांनी डबी बाहेर काढलीय का, हे त्यात असलंच पाहिजे.

दोन गोष्टी मात्र मीही घरी नेत नाही. डीएनएफ (‘डिड नॉट फाइंड’, डबी न सापडल्याचा लॉग) तिथंच टाकतो. नाही सापडली ही बातमी पुढच्याला लगेच उपयोगी पडते, आणि घरी आल्यावर ती टाकायची राहूनच जाते. दुसरं म्हणजे फुटलेली किंवा उघडी पडलेली डबी. तिच्यासाठी मालकाचं लक्ष वेधणारा वेगळा लॉग आहे, तो तिथूनच पाठवतो, ‘फाउंड इट’ या सापडल्याच्या लॉगच्या मजकुरात ते पुरून ठेवत नाही.

तुम्ही प्रवासात असाल, रात्री हॉटेलवर पोचून सरळ झोपणार असाल, तर जागेवरच लिहा. महिनाभर पडून राहिलेल्या ड्राफ्टचा कुणाला उपयोग नाही. फक्त ‘सविस्तर नंतर’ टाकू नका. निघण्यापूर्वी तिथेच कट्ट्यावर दोन मिनिटं बसा आणि मालकाला जे कळायला हवं ते पहिल्याच लॉगमध्ये लिहा.