आवाज छान, ट्रे भिकार: सीडी प्लेअर काही महिने वापरल्यावर

सर्व्हिस सेंटरशी चाललेला पत्रव्यवहार एकदाचा संपला, म्हणून आता लिहायला बसले. मध्येच लिहिलं असतं तर त्यातलं निम्मं छापण्याजोगं नसतं. निकाल आधीच सांगून टाकते: आवाज छान, बांधणी ठीक, रिमोट बरा, ट्रे भिकार. स्पेसिफिकेशन तुम्ही बघितलेलीच असणार, ती पुन्हा उतरवत नाही. ट्रेबद्दल मात्र खाली गरजेपेक्षा जास्त वाचायला मिळेल.

जोडणीला फारसं डोकं लागत नाही. खोक्यातून काढल्यावर आधी प्लेअर उलटा करून तळ बघा. वाहतुकीत लेझरचा भाग हलू नये म्हणून काही मॉडेलांत खालून एक स्क्रू आवळलेला असतो आणि तो काढायचा असतो. माझ्यात स्क्रू नव्हता, ट्रेमध्ये नुसता पुठ्ठा अडकवलेला होता. केबलची लाल पिन उजव्या बाजूची, पांढरी डाव्या. दुसरं टोक अ‍ॅम्पला, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरला. अ‍ॅम्पवर ‘सीडी’ लिहिलेलं इनपुट नसेल तर ‘ऑक्स’ला लावा, पण मोकळं दिसलं म्हणून ‘फोनो’ला लावू नका. ते रेकॉर्ड प्लेअरच्या सुईसाठी असतं. सुईकडून येतात जेमतेम काही मिलिव्होल्ट, सीडी प्लेअर देतो जवळजवळ २ व्होल्ट. शिवाय फोनो इनपुट खर्ज मुद्दाम वाढवतं. त्यामुळे तिथे सीडी लावली की नुसता फाटका गोंगाट ऐकू येतो. ऑक्सलाही पहिल्यांदा लावताना अ‍ॅम्पचा आवाज पार खाली आणून ठेवा, कारण रेडिओच्या पातळीला सरावलेल्या कानांना सीडी एकदम अंगावर आल्यासारखी वाटते.

प्लेअर अ‍ॅम्पच्या डोक्यावर ठेवू नका. दिसतं छान, पण खालून उष्णता वर येते आणि ती रबराला सोसत नाही. रबराचा विषय पुढे येणारच आहे. आणि थंड जागेतून उबदार खोलीत आणलं असेल तर लगेच चालू करू नका. लेन्सवर दव धरतं आणि डिस्क वाचली जात नाही. तासदीड तास तसाच राहू दिला की आपोआप ठीक होतो.

आवाजाबद्दल दोनच वाक्यं. डिजिटल आउटपुटमधून वेगळ्या डॅकला (डिजिटलचं अ‍ॅनालॉग करणाऱ्या खोक्याला) जोडून ऐकला, प्लेअरच्या स्वतःच्या अ‍ॅनालॉग आउटपुटमधूनही ऐकला, आणि दोन्हींची पातळी सारखी करून डोळे मिटल्यावर मला फरक सांगता आला नाही. तुम्हाला सांगता येत असेल तर तुमचे कान माझ्यापेक्षा चांगले किंवा तुमचं पाकीट माझ्यापेक्षा सैल. सीडीवरचा १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्‌झ एवढा ऐवज नीट बाहेर काढणं आता महाग राहिलेलं नाही. म्हणून दोन प्लेअरांमध्ये निवड करायची असेल तर माझ्या मते आवाजावर वाद घालण्यात अर्थ नाही. रोज हाताला लागणार ती बटणं, डिस्प्ले आणि ट्रे.

बटणं चांगली आहेत, दाबल्यावर टक्‌ होतं. डिस्क आत गेली की प्लेअर आधी सगळ्यात आतल्या कडेवरची अनुक्रमणिका वाचतो आणि एकूण ट्रॅक आणि एकूण वेळ दाखवतो. सीडी आतून बाहेर वाचली जाते, रेकॉर्डसारखी बाहेरून आत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. सुरुवातीला ती मिनिटाला साधारण ५०० फेरे फिरते आणि बाहेरच्या कडेपर्यंत पोचेतो २०० वर येते. कान प्लेअरजवळ नेलात तर पहिल्या ट्रॅकला येणारी सूक्ष्म भिरभिर शेवटच्या ट्रॅकला येत नाही, ती यामुळे. बसायच्या जागेवरून काहीच ऐकू येत नाही.

उरलेला वेळ दाखवायची सोय आहे, पण दर वेळी रिमोटवरचं बटण दाबावं लागतं. डिस्क बदलली की स्वारी परत गेलेल्या वेळेवर. हे लक्षात ठेवायला किती मेमरी लागली असती?

आता ज्याला मी सुरुवातीला मोठा दोष म्हणत होते ते. पॉज करून उठलं आणि परत यायला जरा उशीर झाला की प्लेअर स्वतःहून बंद झालेला असायचा. परत चालू केला की पहिल्या ट्रॅकपासून. लांब रेकॉर्डिंगच्या मधोमध हे झालं की डोकंच फिरायचं. कंपनीला पहिलं पत्र मी याच कारणाने लिहिलं होतं. उत्तर आलं नाही, पण दरम्यान माझंच मत बदललं. पॉजमध्ये डिस्क थांबत नाही. ती फिरत राहते आणि लेझर त्याच जागी वाचत राहतो, म्हणून तर बटण दाबताक्षणी नेमकं तिथूनच सुरू होतं. म्हणजे पॉज करून विसरलेला प्लेअर आपली मोटर आणि लेझर फुकट झिजवत बसतो. काटकसरीच्या दृष्टीने बंद होणंच बरोबर. शिवाय ते आपोआप बंद होणं काढून टाकायची सोयही निघाली, फक्त मॅन्युअलमध्ये ती अशा कोपऱ्यात कोंबली आहे की मुद्दाम लपवली असावी असं वाटतं. ती सापडली, पण मी वापरत नाही. उठायचं असेल तर ट्रॅकचा नंबर बघून स्टॉप करते.

घरी बर्न केलेल्या डिस्क बहुतेक चालतात, फायनलाइझ केलेल्या, म्हणजे लिहून झाल्यावर रीतसर बंद केलेल्या, असल्या तर. पुन्हापुन्हा लिहिता येणाऱ्या सीडी-आरडब्ल्यू हा प्लेअर वाचतो. जुने प्लेअर वाचत नाहीत, कारण त्या डिस्कवरून प्रकाश फार कमी परत येतो. एमपी३ भरलेली डिस्क मात्र ऐकायच्या लायकीची नाही: सलग वाजायला हवे ते तुकडे मध्ये गचके देतात. तीच मैफल ऑडिओ सीडी म्हणून बर्न केली की सलग वाजते. चरे पडलेल्या जुन्या डिस्कही त्याने माझ्या अपेक्षेपेक्षा पुष्कळ निभावून नेल्या. पुसताना मधून कडेकडे सरळ पुसा, गोल नाही. आडवा चरा चुका दुरुस्त करणारं गणित झाकून नेतं, पण ट्रॅकच्या दिशेने गेलेला लांब चरा त्याला झेपत नाही. आणि छापील बाजू जास्त जपा. चकाकणारा थर त्या बाजूच्या पातळ लाखेखालीच असतो. तिथे नखाने खरवडलं गेलं तर ते गेलं, कुठलीच पॉलिश ते परत आणत नाही.

तर ट्रे.

पहिले काही महिने तक्रार नव्हती. मग उघडायचं बटण दाबलं की आतून मोटरची घरघर यायला लागली आणि ट्रे जागच्या जागी. पुन्हा दाबलं की बोटभर बाहेर, आणि लगेच परत आत. विचित्र भाग असा की हे फक्त ट्रे रिकामा असताना व्हायचं. आत डिस्क असली की मुकाट उघडायचा. कितीतरी दिवस हे मला माझेच भास वाटत होते.

भास नव्हते. फिरणारी डिस्क जागेवर राहावी म्हणून वरून एक छोटी चकती तिला चुंबकाने दाबून धरते. डिस्क १.२ मिलिमीटर जाड असते. ती मधून काढली की चकती आणि खालचा फिरता भाग तेवढे जवळ येतात आणि चुंबकाची पकड आणखी घट्ट होते. ट्रे सरकायच्या आधी मोटरला ही पकड सोडवावी लागते, सगळ्यात जास्त जोर तिथेच लागतो, आणि तो जोर मोटरकडून दातेरी चाकांपर्यंत पोचवतो एक बारीक रबरी पट्टा. पट्टा सैल झाला किंवा घासून गुळगुळीत झाला की नुसता घसरतो. म्हणजे बिघाड मोटरचा नाही, बोर्डाचा नाही, लेझरचा तर नाहीच. करंगळीवर दोनदा गुंडाळता येईल एवढ्या रबराचा.

तोवर मी एक नावडती डिस्क कायम आतच ठेवायला लागले होते, म्हणजे ट्रे रिकामा राहायलाच नको. उपाय फुकट होता आणि चालतही होता. पण वॉरंटी बाकी असताना आपण का म्हणून जुगाड करत बसायचं? दिला सर्व्हिस सेंटरला.

तिथून आलेल्या अंदाजपत्रकात पट्ट्याचं नावच नव्हतं. होती ट्रे, मोटर आणि लेझरसकट पूर्ण असेंब्ली बदलायची शिफारस, आणि रक्कम जवळपास नव्या प्लेअरच्या निम्मी. वॉरंटीचं काय विचारलं तर म्हणे रबरी भाग वापराने झिजतात, ते वॉरंटीत येत नाहीत. मी म्हटलं, मग तुम्ही असेंब्ली का बदलताय, ती कुठे रबरी आहे? यावर फोनवर शांतता. पट्टा वॉरंटीत नाही कारण तो झिजतो, आणि सुटा पट्टा देत नाही कारण तो असेंब्लीचा भाग आहे! दोन्ही बाजूंनी पैसे आपलेच. वॉरंटी कार्ड काढून वाचलं. वगळलेल्या गोष्टींच्या यादीत रिमोटची बॅटरी आहे, केबल आहे, बाहेरून बसलेला मार आहे. पट्टा नाही. ते कलम जसंच्या तसं उतरवून पाठवलं आणि अंदाजपत्रक नामंजूर असल्याचं लेखी कळवलं. तोंडी भांडण्यात अर्थ नसतो, दर वेळी फोन वेगळाच माणूस उचलतो.

बऱ्याच टोलवाटोलवीनंतर निरोप आला की ‘सदिच्छा म्हणून’ पट्टा बदलून देतो. सदिच्छा म्हणा नाहीतर काही म्हणा, मी तिथे समोर बसून करून घेतलं. काम किती होतं? वरचं झाकण काढलं, ट्रे हाताने पुढे ओढून घेतला, चिमट्याने जुना पट्टा उचलला, दोन्ही पुल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसल्या, नवा पट्टा चिमट्यानेच चढवला. बोट लावायचं नाही, बोटाच्या तेलाने नवा पट्टाही घसरतो. झाकण लावायच्या आधीच ट्रे रिकामा असताना उघडून दाखवला. यासाठी निम्म्या किमतीचं अंदाजपत्रक!

पण तिथल्या टेक्निशियनने, जो या सगळ्या पत्रव्यवहारात कुठेच नव्हता, एक गोष्ट सांगितली आणि माझा अर्धा राग तरी उतरला. मी विचारलं होतं, पट्टा हवाच कशाला, थेट दातेरी चाकं का नाही लावत? तो म्हणाला, ट्रे बंद होताना मध्ये काही आलं, मुलाचं बोट, वाकडी बसलेली डिस्क, तर पट्टा घसरतो आणि चाकांचे दात वाचतात. शिवाय आवाज कमी होतो. थोडक्यात, पट्टा कमकुवत ठेवलाय तो मुद्दाम. पटलं. तरीही माझं म्हणणं कायम आहे की जो भाग मुद्दाम कमकुवत ठेवलाय तो सुटा मिळाला पाहिजे, आणि त्याचं माप मॅन्युअलमध्ये छापलं पाहिजे. १९८२ साली आलेल्या सोनीच्या सीडीपी-१०१ लाही पुढून बाहेर येणारा ट्रे होता. फिलिप्सने आपल्या सीडी१०० ला वरून उघडणारं झाकण दिलं होतं. तेव्हापासून आजपर्यंतचा काळ ट्रे कसा उघडावा हे ठरवायला पुरेसा होता असं मला वाटतं. झाकणवाला प्लेअर शेल्फात मावत नाही, वर जागा सोडावी लागते, हे मान्य. पण झाकणाला पट्टा नसतो.

पट्टा बदलल्यापासून ट्रे पूर्वीपेक्षा जरा झटक्यात उघडतो आणि शेवटी हलकासा ठक्‌ असा आवाज येतो, जो आधी नव्हता. टेक्निशियन म्हणाला, नवा पट्टा घट्ट असतो, बसेल. अजून बसलेला नाही. हाताने ढकलून ट्रे बंद करायची सवय असेल तर सोडा. बहुतेक प्लेअर ढकललं की समजून घेतात, पण पहिला धक्का पट्ट्यालाच बसतो.

घेऊ का असं कोणी विचारलं तर माझं उत्तर: घ्या, पण दाखवायला लावतील तेव्हा गाणं ऐकत बसू नका. डिस्क काढून घ्यायला सांगा, रिकामा ट्रे बंद करू द्या, थोडा वेळ जाऊ द्या, आणि मग उघडायला सांगा. वापरलेला प्लेअर घेत असाल तर हे केल्याशिवाय पैसे देऊच नका. आणि विक्रेता ‘आधी डिस्क टाकून बघा ना’ म्हणाला तर का म्हणतोय ते आता तुम्हाला माहीत आहे.

सुटा पट्टा विकत मिळेल का, या माझ्या शेवटच्या पत्राला ‘आपली सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे’ एवढंच उत्तर आलं आणि फाइल बंद झाली. जुना पट्टा मी मागून घेतला होता. द्यायला ते का-कू करत होते, पण वॉरंटीत बदललेला भाग परत न्यायचाच असा नियम कार्डावर कुठे दिसला नाही. टेबलावर सपाट ठेवून त्याचा आतला व्यास मोजला. ताणलेल्या पट्ट्याचं माप जसंच्या तसं घ्यायचं नसतं, पाच-दहा टक्के लहान घ्यायचा, आणि जाडी व काप, चौकोनी की गोल, तोच ठेवायचा. त्या मापाचे दोन मागवलेत. वॉरंटी संपली की पुढचा मीच बसवणार.